आठ महिन्यांची कैद, तीही घरबसल्या

माद्रिद : फुटबॉलच्या मैदानात कृष्णवर्णीय खेळाडूला माकड म्हणून हिणवणाऱ्यांना स्पेनमध्ये आता कैदेची शिक्षा होऊ लागली आहे. तुरुंगात मात्र सहसा कोणी जात नाही.

याची सुरुवात व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर झाली. २१ मे २०२३ रोजी रेआल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला पाहून गोलमागच्या स्टँडमधून माकडाचे आवाज आणि हावभाव सुरू झाले. व्हिनिसियस तडक स्टँडसमोर जाऊन उभा राहिला आणि बोट रोखून पंचांना तो माणूस दाखवू लागला. सामना थांबला. पुढे झटापटीत लाल कार्ड मिळाले तेही त्यालाच. ते नंतर रद्द झाले.

फुटबॉल महासंघाने नेहमीप्रमाणे क्लबला धरले. तो स्टँड पाच सामन्यांसाठी बंद आणि ४५ हजार युरो दंड. अपिलात त्याचे तीन सामने आणि २७ हजार झाले. २००६ मध्ये बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो असल्याच आवाजांना वैतागून मैदान सोडायला निघाला होता. तेव्हा सारागोसा क्लब नऊ हजार युरोंवर सुटला होता.

या वेळी प्रकरण कोर्टात गेले. १० जून २०२४ रोजी तिघांना आठ महिन्यांची कैद आणि दोन वर्षांची मैदानबंदी झाली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्ये झालेली ही पहिलीच शिक्षा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर किरकोळ शिवीगाळ तिथे फौजदारी गुन्हा उरलेली नाही. त्यामुळे माणसाच्या प्रतिष्ठेवर आघात केल्याचे कलम लागले आणि वर्णद्वेषी हेतूमुळे गुन्ह्याचे गांभीर्य वाढले. तिघांनी गुन्हा कबूल केला, माफीपत्र वाचले; शिक्षा एक तृतीयांशाने घटली.

मग तुरुंग का टळला? पहिलाच गुन्हा आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत असेल, तर स्पॅनिश न्यायालये ती बहुधा स्थगित ठेवतात. ठरलेल्या मुदतीत पुन्हा गुन्हा केला, तर आत जावे लागू शकते.

या निकालाआधी सरकारी वकिलांनाच असा प्रकार गुन्हा वाटत नव्हता. २०२२ मध्ये ॲटलेटिको माद्रिदच्या मैदानाबाहेर व्हिनिसियसविरुद्ध वर्णद्वेषी घोषणा झाल्या. घोषणा आक्षेपार्ह होत्या, पण काही सेकंदांच्या आणि कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्याच्या वातावरणातल्या होत्या, असे म्हणत प्रकरण मिटवण्यात आले.

जानेवारी २०२३ मध्ये माद्रिदच्या एका पुलावर व्हिनिसियसचा पुतळा फासावर लटकवला गेला, तेव्हा मात्र ते कोणी हलक्यात घेतले नाही. जून २०२५ मध्ये चौघांना १४ ते २२ महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्याही स्थगित, पण भेदभावविरोधी प्रशिक्षण सक्तीचे आणि व्हिनिसियसच्या घरापासून व सरावाच्या जागेपासून एक हजार मीटर दूर राहण्याचे बंधन. शिवाय क्रीडाहिंसाविरोधी सरकारी समितीने प्रत्येकी ६०,००१ युरो दंड सुचवला होता. वरचा एक युरो फुकट नाही: २००७ च्या कायद्यात ‘गंभीर’ गुन्ह्याचा दंड ६० हजारांवर संपतो, त्यापुढे ‘अतिगंभीर’ सुरू होते.

मे २०२५ मध्ये वायादोलिदच्या कोर्टाने व्हिनिसियसला सामन्यात वर्णद्वेषी शिवीगाळ करणाऱ्या पाच प्रेक्षकांना वर्षभराची स्थगित कैद सुनावली. मैदानातल्या अशा शिवीगाळीला या देशात प्रथमच थेट ‘द्वेषमूलक गुन्हा’ म्हटले गेले. सामना होता ३० डिसेंबर २०२२ चा. स्पर्धा चालवणाऱ्या ‘ला लिगा’कडे स्टँड बंद करण्याचा अधिकार नाही; चित्रफिती गोळा करून तक्रार गुदरायची आणि निकालाची वाट पाहायची, एवढेच तिच्या हाती. वायादोलिदच्या खटल्यात ही वाट जवळपास अडीच वर्षांची होती.