पत्रा शाबूत, लाकूड कुजलेलं

मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ आहेत. मे महिन्यात वॉलआय माशाचा हंगाम उघडला की या तळ्यांवर होड्यांची गर्दी उसळते, आणि त्या गर्दीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या आजही दिसतात. चौदा फूट लांब, रिव्हेट मारून जोडलेला पातळ पत्रा, आत तीन आडवे बाक आणि मागे छोटी मोटर. कोकणात होडी म्हटलं की लाकूड आठवतं, अलीकडे फायबर. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यात मात्र सामान्य माणसाची होडी म्हणजे हीच.

अशा कितीतरी होड्या गॅरेजमागे वर्षानुवर्षं उपड्या पडून असतात. आजोबांच्या म्हणून भंगारात द्यायला मन होत नाही, आणि पाण्यात घालायचा धीर होत नाही. खरं पाहता घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, पुन्हा उभी करता येईल अशी याहून सरळ वस्तू क्वचितच सापडेल. फक्त तिच्यात काय मेलंय आणि काय जिवंत आहे, ते आधी ओळखावं लागतं.

या होडीचं कूळ विमानाचं. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रुमन कंपनी अमेरिकन नौदलासाठी हेलकॅट लढाऊ विमानं बनवत होती. तिथले एक वरिष्ठ अधिकारी विल्यम हॉफमन १९४४ साली अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत कनू, म्हणजे वल्हवायची निमुळती होडी, घेऊन सहलीला गेले. लाकूड आणि कॅनव्हासची ती कनू एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत वाहून नेताना ते जेरीस आले, आणि विमानाचाच पत्रा वापरून हलकी कनू का करू नये, हा विचार घेऊन परतले. १९४५ मध्ये ग्रुमनच्या अ‍ॅल्युमिनियम कनू बाजारात आल्या. पाठोपाठ मिनेसोटात १९४६ साली अ‍ॅल्युमाक्राफ्ट सुरू झाली, १९४८ साली न्यूयॉर्क मिल्स या छोट्या गावात हॉवर्ड लुंड यांनी आपल्या नावाची कंपनी काढली. इंडियानातल्या गोशेनची स्टारक्राफ्ट तर मुळात शेतीची अवजारं बनवणारी. पातळ पत्रा, आतून बरगड्या आणि हजारो रिव्हेट ही सगळी रीत विमानाच्या कारखान्यातली. म्हणूनच दुरुस्तीही त्याच रीतीने करावी लागते.

पत्रा इतकी वर्षं टिकतो तो त्याच्या अंगच्या गुणामुळे. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूचं रक्षण करतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. होड्यांसाठी बहुतेक वेळा मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. ५०५२ हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा. जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर. गोड्या पाण्यात हा पत्रा माणसाच्या आयुष्याहून जास्त टिकू शकतो. पण जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली की तळाला बारीक खड्डे पडतात ना, तसंच या होडीचं होतं: चुकीच्या गोष्टीचा सहवास घडला की संरक्षक थर हरतो.

त्यामुळे जुनी होडी विकत घेताना किंवा घरातलीच दुरुस्तीला काढताना रंगाकडे पाहू नये. पहिली तपासणी मागच्या उभ्या भिंतीची. तिला ट्रान्सम म्हणतात. मोटर हिच्यावरच अडकवलेली असते. बाहेरून ती पत्र्याची दिसते, पण आत जाड प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, पत्र्यामुळे लाकडाला सुकायला वाव मिळत नाही आणि ते आतल्या आत कुजतं. मोटर वर उचलून तिच्यावर जोराने दाबलं आणि भिंत लवली, की लाकूड गेलं म्हणून समजावं. बोल्ट काढून भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो लोण्यात शिरावा तसा आत जातो. असं लाकूड घेऊन मोटर चालवणं धोक्याचं, कारण मोटरचा सगळा जोर या एकाच फळीवर येतो.

ही फळी बदलणं हे या कामाचं खरं हृदय आहे आणि त्याला सवड द्यायलाच हवी. कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांचे रिव्हेट ड्रिलने पोखरून काढायचे, बोल्ट सोडवायचे, मग लाकूड वर ओढून काढायचं. बऱ्याचदा ते अखंड निघतच नाही. काळे, ओले, भुसभुशीत तुकडे मूठ-मूठ बाहेर येतात आणि त्यांना कुजक्या पालापाचोळ्याचा वास असतो. तरीही ते तुकडे लगेच टाकू नयेत. जमिनीवर जुळवून त्यांच्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापून घेतला की नव्या फळीचा आकार बिनचूक मिळतो. नवी फळी पाऊण इंची मरीन प्लायच्या दोन थरांना एकत्र चिकटवून करतात. मग तिला सगळीकडून इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे, आणि कडांना जास्तच, कारण प्लाय पाणी पितं ते कडेने. बोल्टांची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्यातच योग्य मापाची भोकं पुन्हा पाडायची. म्हणजे बोल्टाचा लाकडाशी संबंधच येत नाही. हे किचकट वाटतं, पण मूळ फळी कुजली ती नेमकी या भोकांमधून.

इथे एक चूक फार जण करतात, आणि तीही चांगल्या हेतूने. लाकूड कुजू नये म्हणून ते दुकानातून औषध मुरवलेलं लाकूड आणतात. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातलं आर्सेनिकयुक्त औषध उत्पादकांनी २००३ अखेर मागे घेतलं. त्याच्या जागी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण भरपूर असतं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की दोघांत विजेचा घट तयार होतो आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. लाकूड धडधाकट राहतं आणि त्याला टेकलेला पत्रा चाळण होतो. तळाशी पडलेलं तांब्याचं नाणं, तारेचा तुकडा, पितळेचा स्क्रू, सगळे याच जातीचे शत्रू. समुद्री बोटींच्या तळाला लावतात तो तांबंयुक्त रंगही या होडीला चालत नाही. स्टेनलेसचे बोल्ट वापरावे लागतात, पण तेही पत्र्याला थेट भिडू नयेत; नायलॉनचा वायसर किंवा विद्युतरोधक पेस्ट मध्ये हवीच. पत्रा घासायला लोखंडी तारेचा ब्रश घेतला तर त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंजाचे डाग उमटतात.

मग गळती. होडी ट्रेलरवर नीट टेकवून आत चार-पाच इंच पाणी भरायचं आणि खाली वाकून पाहायचं. जिथून थेंब येतो तिथे मार्करने खूण. पाण्याचं हे ओझं चारशे-पाचशे किलोंपर्यंत जाऊ शकतं, म्हणून खालून आधार भक्कम नसेल तर पोटाला पोचा येतो.

गळणारा प्रत्येक रिव्हेट बदलायची गरज नसते. पुष्कळ रिव्हेट फक्त सैल झालेले असतात आणि ते पुन्हा आवळता येतात. हे दोन माणसांचं काम. एकजण बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेवर चालणारा हातोडा टेकवतो, दुसरा आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर पोलादाचा जड ठोकळा घट्ट दाबून धरतो. हातोडा क्षणभर थडथडतो आणि दोन्हींच्या मध्ये रिव्हेटची शेपटी चेपून पसरते. ठोकळा तिरका धरला तर शेपटी वाकडी बसते आणि रिव्हेट काढून पुन्हा मारावा लागतो, त्यामुळे आतल्या माणसाचा हात बाहेरच्याइतकाच तयार लागतो. बापलेक किंवा शेजारी-शेजारी मिळून हे करतात तेव्हा अर्ध्या तासात लय सापडते. एकट्यानेच करायचं म्हणून पॉप रिव्हेट मारणारे बरेच आहेत, पण साध्या पॉप रिव्हेटच्या पोटात भोक असतं आणि त्यातून पाणी येतं. पाण्याखाली लावायचाच तर बंद तोंडाचा घ्यावा, आणि सीलंटमध्ये बुडवून. शेवटी आतल्या बाजूने सांध्यांवरून लवचीक इपॉक्सीचा हात फिरवला की बारीक झिरपही थांबते.

वेल्डिंगच्या वाटेला घरी जाऊ नये. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइड २,००० अंशांच्याही पुढे. कवच फुटायच्या आत खालचा पत्रा गळून पडतो. शिवाय उष्णतेने सांध्याजवळचा पत्रा मऊ होतो. भेग मोठी असेल तर जाणत्या कारागिराकडे जावं, नाहीतर आतून पत्र्याचं ठिगळ लावून रिव्हेट मारावेत.

बाकांखाली दडलेला फोम हा दुर्लक्षित भाग. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये यासाठी तो असतो. जुना पॉलियुरेथेन फोम काळाच्या ओघात पाणी शोषतो, आणि मुळात शंभर किलोंच्या आसपास असलेली होडी विनाकारण जड होते. ओला फोम काढून त्याजागी घरांच्या उष्णतारोधनासाठी मिळतात ते दाट पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून बसवतात. पेट्रोल लागलं की हे तक्ते विरघळतात, म्हणून इंधनाची नळी गळत नाही ना हे पाहणं भाग आहे. नवा फोम जुन्याइतकाच, किंबहुना थोडा जास्त असावा, आणि सगळा तळाशी कोंबू नये. काठांच्या बाजूने, उंचावर बसवला तर पाण्याने भरलेली होडी सरळ तरंगते. सगळा खाली असला तर ती उलटू शकते.

रंग सर्वांत शेवटी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासणं टाळून ओल्या सँडपेपरने घासावं आणि चांगला मास्क लावावा. पत्रा तेलमुक्त करून घासला की त्याच दिवशी एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा अस्तराचा रंग) लागला पाहिजे, नाहीतर ऑक्साइड पुन्हा धरतो आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रंग नाहीच लावला तरी होडीचं काही बिघडत नाही. उघडा, धुरकट करडा पत्रा हीच तिची सर्वांत टिकाऊ अवस्था.

आता एक आवर्जून सांगायची गोष्ट. हल्ली अशा होड्यांवर प्लायची उंच डेक बांधून, गालिचा अंथरून, त्यांना मोठ्या महागड्या बोटीचं रूप देण्याची हौस वाढली आहे. दिसायला ते छान असतं. पण माणूस बाकावर बसतो त्याऐवजी उंच डेकवर उभा राहतो तेव्हा अरुंद होडीचा तोल बिघडतो, आणि डेकचं वजन माणसांच्या वाट्यातून वजा होतं. ओला गालिचा पत्र्याला चिकटून ओल धरतो, ते वेगळंच. तीन बाक हे नुसते बसायला नसतात, ते दोन्ही बाजू ताणून धरतात. मधला कापला की होडी लवायला लागते. मूळ आराखडा करणाऱ्यांनी हा विचार केला होता आणि तो मान राखण्याजोगा आहे.

किती माणसं बसवायची, हे ट्रान्समजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. जुन्या होडीवर पट्टी नसेल तर अमेरिकन तटरक्षक दलाचं ढोबळ सूत्र आहे: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीत त्या हिशेबाने चार माणसं. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या होड्यांवर बारा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांकही कोरलेला असतो आणि त्यातली पहिली तीन अक्षरं कारखाना सांगतात. घासताना हा क्रमांक पुसला गेला तर पुढे नोंदणीला अडचण येते, म्हणून त्यावर आधीच टेप लावून ठेवावी.

पाण्यात उतरवण्याआधी तळाचं बूच बसवलं आहे का, हे दोनदा पाहावं. पहिली फेरी काठाकाठाने, एकाच माणसाने, कमी गतीत. परत आल्यावर मोटरचे आणि ट्रान्समचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवी फळी पहिल्या भाराखाली थोडी बसते आणि बोल्ट सैल पडतात. तळाशी पाणी साचलं असेल तर ते पुसून, होडी ट्रेलरवर घेऊन पुन्हा मार्कर हातात घ्यावा. एखादा रिव्हेट पहिल्या तपासणीत हमखास सुटलेला असतो.