मुक्कामावरील विंचू

इंदूर-भोपाळ रस्त्यावर कालीसिंधेच्या काठी वसलेले सोनकच्छ हे तहशिलीचे गाव मरुभूमीत मोडत नाही हे खरे. परंतु उन्हाळ्यात तडकलेली जमीन, दगडांचे ढीग आणि निर्मनुष्य माळ ह्यांमुळे माळव्याच्या ह्या पठारावर राहुटी ठोकणाऱ्याची, राजपुतान्याच्या वाळूत ज्या विंचवांची धास्ती बाळगावी लागते त्यांच्याच जातभाईंशी गाठ पडते. देवास आणि धार येथील पवारांच्या अमदानीत जमाबंदीच्या दौऱ्यावर निघणाऱ्या अंमलदारांच्या मुक्कामांनाही ही मंडळी अपरिचित असण्याचे कारण नव्हते.

मनुष्य भितो तो आकाराला, आणि येथेच त्याची फसगत होते. रुक्ष प्रदेशात कंदिलाच्या उजेडाकडे भरधाव धावत येणारा, केसाळ आणि अवाढव्य जबड्यांचा, कोळ्यासारखा दिसणारा जो प्राणी साऱ्या छावणीची पळापळ करतो, तो कडकडून चावत असला तरी सामान्यतः निर्विष असतो. वीतभर लांबीचा काळा इंगळी विंचू दिसायला यमदूत. त्याचा दंश ठणकतो, पण प्राण क्वचितच घेतो. खरा घातक म्हणजे बोटाएवढ्या लांबीचा, सडपातळ चिमट्यांचा लाल विंचू, ज्याकडे अनुभवशून्य प्रवासी ढुंकूनही पाहत नाही.

ह्या विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे उघडी ठेवते, त्यामुळे शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब भडकतो, आणि अखेरीस हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. ह्या क्रमाचा उलगडा एखाद्या राजधानीतल्या प्रयोगशाळेत नव्हे, तर कोकणात महाडच्या परिसरात खेड्यापाड्यांतील रुग्ण तपासणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांच्या निरीक्षणातून पुष्कळ अंशी झाला, हे मला विशेष वाटते. दंशानंतरच्या हृदयविकाराच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचे टिपण 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ह्या साध्या गोळीने, जेथे गंभीर दंशांपैकी सुमारे 30 टक्के रुग्ण दगावत, तेथे मृत्यूचे प्रमाण अत्यल्पावर आणले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर फार उशिरा.

मधमाश्यांचा विचार मात्र निराळा, कारण तेथे एकटा शत्रू नसतो. उंच कडे, झाडे आणि जुन्या इमारतींच्या कमानी आग्या मोहोळास प्रिय असल्याने मांडूसारख्या स्थळी त्यांच्याखाली चूल पेटवणे म्हणजे आपण होऊन संकट ओढवणे होय. एका माशीने नांगी मारली की त्या जागी सुटणारा केळ्यासारखा गंध इतर माश्यांना हल्ल्याचा हुकूम देतो, म्हणून काटा त्वरित काढून लांब पळावे, हात झाडीत उभे राहू नये.

विंचवापासून बचाव त्या मानाने सोपा. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी विंचवी दिवसा दगडाखाली वा लाकडांच्या ढिगात दडून रात्री शिकारीस निघते. यास्तव राहुटी दगडांपासून दूर असावी, बिछाना बाजेवर असावा, आणि सकाळी जोडा झटकल्यावाचून पायात घालू नये. जंबुपार, अर्थात अतिनील, किरणांच्या विजेरीत विंचू हिरवट-निळे चमकतात. त्या उजेडात एकदा अंगण पाहिले की झोप येणे कठीण, हाच काय तो ह्या उपायाचा दोष. दंश झालाच तर जखम कापणे, अवयव करकचून आवळणे किंवा मांत्रिकाकडे तिष्ठणे टाळून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्याच चाचणीनुसार, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिल्यास रुग्ण केवळ गोळीपेक्षा बराच लवकर सावरतो.