तिघे विद्यार्थी, एक संगणक, पाच तास

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मोठमोठ्या कंपन्या बक्षिसे ठेवतात. अशा बक्षिसातून नेमके काय तपासले जाते? एका जुन्या स्पर्धेचे उदाहरण घेऊन पाहू.

'आयसीपीसी' या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेचे मूळ १९७० साली अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात आहे. तिची पहिली अंतिम फेरी १९७७ साली झाली. १९९७ ते २०१७ या काळात आयबीएम कंपनी तिची प्रायोजक होती. १९९७ मध्ये ५६० विद्यापीठांचे ८४० संघ होते. २०१७ पर्यंत विद्यापीठांची संख्या तीन हजारांच्या घरात गेली. भारतातील संघ कानपूर, अमृतपुरी अशा ठिकाणच्या विभागीय फेऱ्यांतून पुढे जात आले आहेत.

नियम साधे आहेत. संघात तिघे, संगणक मात्र एकच. पाच तासांत दहा-बारा प्रश्न सोडवायचे. अर्ध्या उत्तराला गुण नाहीत. उत्तर चुकले आणि तो प्रश्न नंतर सुटला, तर प्रत्येक चुकीमागे २० मिनिटांचा दंड.

शिवाय उत्तर बरोबर असून भागत नाही. ते ठरावीक वेळात यावे लागते. समजा, एक लाख संख्या दिल्या आहेत. त्यांतील कोणत्याही दोघींची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते का? प्रत्येक जोडी तपासायची तर सुमारे ५०० कोटी बेरजा कराव्या लागतील. त्याऐवजी संख्या आधी चढत्या क्रमाने लावू. वर्गात फळ्यावर हे लिहून पाहा: ३, ८, ११, १४, २०, २७. बेरीज हवी २५.

दोन्ही टोकांपासून सुरुवात करू. ३ + २७ = ३०, म्हणजे जास्त. सर्वांत लहान संख्येबरोबरही २७ जास्त होतात, म्हणून २७ बाद. ३ + २० = २३, कमी; म्हणून ३ बाद. ८ + २० = २८; २० बाद. ८ + १४ = २२; ८ बाद. ११ + १४ = २५. जोड्या १५ होत्या, बेरजा पाचच लागल्या. एक लाख संख्यांसाठी क्रम लावण्यासह हे काम साधारण २० लाख पायऱ्यांत होते.

अशी युक्ती झटपट सुचणारी मुले कंपन्यांना नोकरीसाठी हवी असतात. स्पर्धेला पैसे दिले की ती एकाच ठिकाणी भेटतात, कंपनीचे नावही होते. यात वावगे काही नाही.

पण स्पर्धेत प्रश्न कोणीतरी तयार करून दिलेला असतो आणि त्याला उत्तर आहे याची खात्री असते. संशोधनात या दोन्ही गोष्टी नसतात. कोणता प्रश्न घ्यावा हे ओळखणे, महिनोन् महिने त्याला चिकटून राहणे, दुसऱ्याला वाचता येईल असा प्रोग्रॅम लिहिणे, हे पाच तासांत मोजता येत नाही.

म्हणून बक्षीस मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक जरूर करावे. मात्र सावकाश विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला 'संगणक तुझे क्षेत्र नव्हे' असे आपण शिक्षकांनी त्यावरून सांगू नये. वरचे उदाहरण त्यालाही द्यावे, घड्याळ न लावता.