लोर्नाचे पुनरागमन

कोंकणी गायिका लोर्ना कोर्देरो यांचा जन्म 1946 सालचा, मुंबईतल्या गोवेकर कुटुंबातला. गोव्यात नुसते ‘लोर्ना’ म्हटले तरी पुरते. 1960च्या दशकात मुंबईच्या नाइट क्लबांत गाजलेला हा आवाज त्यानंतर वीसहून अधिक वर्षे मंचावर उमटला नाही आणि 1995 साली तो पुन्हा ऐकू आला. भारतीय लोकप्रिय संगीतात इतक्या मोठ्या खंडानंतरचे पुनरागमन क्वचितच सापडते.

हे घडले कसे, हे कळण्यासाठी तेव्हाची मुंबई पाहावी लागते. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आजचा वीर नरिमन रोड. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातले ‘व्हेनिस’, गेलॉर्ड, बॉम्बेलीज अशी ठिकाणे त्या रस्त्यावर होती आणि तिथे रोज संध्याकाळी जॅझचे बँड वाजत. वादक बहुतेक गोवेकर. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवणारी माणसे मुंबईला मिळाली ती तिथून. हीच मंडळी दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसत. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावे त्या परंपरेतली. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

मडगावच्या बोर्डा भागातले ख्रिस पेरी हे याच पिढीचे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे, स्वतः गाणी रचणारे, शिस्तीला कडक. लोर्ना शाळकरी वयात अमेरिकन गायिका कॉनी फ्रान्सिस यांची गाणी हुबेहूब म्हणत. पेरींनी तो आवाज हेरला आणि स्वतःच्या बँडमध्ये आणला. आवाज थोडा घोगरा, खालच्या पट्टीत भरदार आणि वर चढला की ट्रम्पेटसारखा धारदार. पेरींनी गाण्यांची रचनाही त्याला धरून केली. ‘बेबदो’ या दारुड्यावरच्या गाण्यात गायिका एक ओळ फेकते आणि पितळी वाद्ये लगेच तिला उलट जाब देतात. चा-चा-चा, रुंबा, बोसा नोव्हा अशा परक्या तालांवर घरगुती कोंकणी बोली इतकी सहज बसते, हे या जोडीने दाखवून दिले. ‘पिसो’, ‘सोर्गा राज्यांत’, ‘लिस्बोआ’, ‘नाचोंया कुंपासार’ या गाण्यांच्या तबकड्या घराघरांत पोचल्या.

क्लबमधल्या गायिकेची स्थिती मात्र नाजूक असे. क्लबचा करार बँडप्रमुखाशी. गाणी, वाद्यवृंद, तालमीची वेळ सारे त्याच्या हाती. लोर्ना यांच्या बाबतीत ही दोरी अधिकच आवळलेली होती. पेरी विवाहित होते आणि दोघांचे नाते व्यवसायापुरते राहिले नव्हते. दुसऱ्या कोणाबरोबर गायचे नाही, अशी अट त्यांनी लोर्ना यांच्याकडून लिहून घेतली होती, असे सांगितले जाते. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हे नाते तुटले. पेरी पुढे दुबईला गेले. लोर्ना यांनी गाणेच सोडले. एका माणसाशी असलेल्या संबंधावर ज्या गायिकेचा सारा धंदा टांगलेला, तिचे त्या संबंधाबरोबर सगळेच जाते. याला नुसती प्रेमकथेची शोकांतिका म्हणणे अपुरे ठरेल.

त्याच सुमारास क्लबही ओसरत गेले. करमणूक कराचा बोजा वाढला, डिस्कोथेक आले आणि दहा-बारा जणांचा बँड पोसणे मालकांना जड जाऊ लागले. तबकड्या मात्र वाजत राहिल्या. गोव्यात लग्नाच्या मांडवात, रेडिओवर, तावेर्नात म्हणजे दारूच्या गुत्त्यात लोर्नाचा आवाज होताच. गैरहजर होती ती गायिका.

तिला परत आणले रॉनी मॉन्सेरात यांनी. त्यांचे वडील पीटर मॉन्सेरात हे मुंबईच्या जॅझमधले नावाजलेले ट्रम्पेटवादक. रॉनी स्वतः कीबोर्ड वाजवत आणि तरुणपणी त्यांनी पेरींच्या बँडमध्येही साथ केली होती, त्यामुळे लोर्नांना ते परके नव्हते. लोर्नांची मनधरणी मात्र सोपी नव्हती. पैसे लावायला तयार होणारा माणूस मिळणेही तितकेच अवघड. इतक्या वर्षांनी हा आवाज उरला असेल, यावर विश्वास कोण ठेवणार? अखेर नव्या गाण्यांचा ‘हॅलो लोर्ना’ हा अल्बम तयार झाला आणि डिसेंबर 1995 मध्ये पणजीच्या मिरामार इथे लोर्ना प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. लोटलेल्या गर्दीत जुन्या तबकड्या ऐकतच लहानाचे मोठे झालेले, पण गायिकेला कधीच न पाहिलेले तरुणही होते. वयाने आवाजात अधिक खरखर आणली होती. या गाण्यांना ती शोभली, असेच म्हणावे लागेल.

त्यानंतर लोर्ना गोव्यात आणि गोव्याबाहेरही कार्यक्रम करत राहिल्या. पेरींबरोबर मात्र त्या पुन्हा मंचावर आल्या नाहीत. जानेवारी 2002 मध्ये पेरींचे निधन झाले. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट बार्द्रॉय बार्रेटो यांनी 2014 साली केला. त्यात नायक-नायिकेची नावे बदललेली आहेत; विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी त्या भूमिका केल्या. 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरला आणि घोष यांच्या अभिनयाची विशेष दखल घेतली गेली. पेरींची जवळपास वीस गाणी त्यात आहेत, आणि ती नव्याने बसवून ध्वनिमुद्रित केली रॉनी मॉन्सेरात यांनीच.