तंबोऱ्याची निवड व निगा

गायनाच्या अभ्यासास जी साधने लागतात त्यांत तंबोऱ्याचे स्थान पहिले आहे. असे असूनही घरात तंबोरा आणावयाचा ठरला म्हणजे त्याची निवड बहुधा नक्षीवरून व किमतीवरून केली जाते. अंगरखा जसा अंगाच्या मापाने बेततात, तसा तंबोरा गळ्याच्या मापाने बेतावा लागतो. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे कित्येक घरांत पुष्कळ पैसे देऊन आणलेले वाद्य गवसणीत पडून राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे शिकणाराचा गळा परक्या षड्जाकडे रोज ओढला जातो. चंदगडासारख्या, सह्याद्रीच्या कुशीतील गावी राहणाऱ्या कुटुंबास तर दुहेरी विचार करावा लागतो: एक गळ्याचा आणि दुसरा पावसाचा.

सुदैवाने असे वाद्य करवून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. चंदगडाहून बेळगाव व तेथून आगगाडीने मिरज, एवढाच प्रवास आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास आरंभ केला व पुढे ती नव्याने घडविली. त्यांच्या मागून हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि कारागिरांस ‘सतारमेकर’ हे आडनावच मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस वास्तव्य केले. 1937 साली त्यांचे निधन झाल्यावर तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचे दफन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरत आल्या आहेत. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता मापाचा विचार करू. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी. तार लांब व जाड केली की स्वर खाली येतो. ताण वाढविला की वर चढतो. खालचा स्वर हवा असेल तर लांबी हवीच, हा नियम सर्व देशांच्या वाद्यांना सारखाच लागू आहे. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारी बास गिटार काढली, तेव्हा तिच्या तारेची लांबी 34 इंच ठेवली. साध्या गिटारीहून ती बरीच अधिक आहे. तंबोरेही याच कारणाने साडेतीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत निरनिराळ्या उंचीचे करतात. पुरुषांचा षड्ज साधारणतः पेटीच्या पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास असतो, तर स्त्रियांचा काळी तीन ते काळी पाच यांच्या दरम्यान. पुरुषी तंबोरा काळी चारपर्यंत चढविला तर तारा तुटतात व तबलीवर अकारण भार येतो. जनानी तंबोरा काळी एकवर उतरविला तर तारा सैल पडून नुसत्या फडफडतात. म्हणून गुरूंकडून षड्ज निश्चित करून घेऊन तो कारागिरास आधी सांगावा. ज्या मुलाचा आवाज फुटावयाचा आहे त्याच्यासाठी मापाचा तंबोरा करवून घेण्याची घाई करू नये. दोन-तीन वर्षे जुन्या वाद्यावर काढावीत.

दांडी व तबली कारागीर तून झाडाच्या लाकडाची हवी तशी घडवितो. भोपळा मात्र वेलीवरच वाढतो; तो घडविता येत नाही, शोधावा लागतो. असे मोठे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढे भागातून येतात. भोपळा घाटदार, पूर्ण वाळलेला व किडीच्या भोकांपासून मुक्त आहे ना, हे पाहावे. तबलीस चीर नसावी आणि खुंट्या फिरविल्या जाव्यात, पण घसरू नयेत. वेलबुट्टीने किंमत वाढते, नाद वाढत नाही.

खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उताराचा असतो. तार त्यावर घासत कंप पावते आणि मध्ये सरकविलेल्या सुताने तो स्पर्श नेमका साधला जातो. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उमटू नयेत, असा सामान्य नियम. तंबोऱ्यात तेही जोरकस उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. म्हणून पितळेची खर्जाची तार एकटी छेडून शांतपणे ऐकावी. जवारी ठीक असेल तर त्या षड्जातून गांधार स्वच्छ ऐकू येतो. तो ऐकू आल्यावाचून पैसे मोजू नयेत.

वाद्य घरी आले म्हणजे मालकाचे काम सुरू होते. चंदगडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, खुंट्या फुगून अडकतात, पोलादी तारा गंजतात व भोपळ्यावर बुरशी चढते. तंबोरा बाहेरच्या भिंतीस टेकवून ठेवू नये. आतल्या कोरड्या खोलीत ठेवावा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, आणि पुष्कळ दिवस वाजवावयाचा नसेल तर त्या थोड्या उतरवाव्यात. त्यास चुलीजवळ किंवा उन्हात वाळविणे सर्वांत घातक. त्याने तबली तडकते. हिवाळ्यात खुंट्या घसरू लागल्यास खडू लावावा. तारांनी घोडीवर खाचा पाडल्या की जवारी पुन्हा जाणत्या हातांनीच काढून घ्यावी.

विजेचा तंबोरा स्वस्त आहे, त्यास ओल फारशी बाधत नाही आणि प्रवासात तो उपयोगी पडतो, हे खरे. पण तो आयता स्वर देतो. स्वर जुळविण्याचे शिक्षण देत नाही. रोज खुंटी पिळून, मणी सरकवून दोन तारा एकजीव करताना कानास जे वळण लागते, तोच गायनाचा पहिला धडा होय. ज्या घरी खरोखर गाणे शिकावयाचे आहे, त्या घराने दागिन्यांच्या हौसेत थोडी काटकसर करून एक मापाचा तंबोरा करवून घ्यावा. त्यात शिकणाराचे हित आहे, आणि अशी मागणी येत राहील तोवरच मिरजेतील ती कला पुढल्या पिढीच्या हाती जाईल.