जयंती जोरात, आवाज बेतात
विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना आवाज डोळ्यांनी दाखवतो. वाटीवर फुग्याचं रबर ताणायचं, वर रवा भुरभुरायचा, जवळ ताट वाजवायचं. रवा नाचतो. कानाचा पडदा असाच थरथरतो. तीन इवली हाडं ती थरथर आतल्या शंखाकडे पोचवतात. तिथल्या केसपेशी सुमारे १५,००० आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो. १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. म्हणून लेकरांना डीजेच्या भिंतीपुढे नेऊ नका. कानात शिट्टी वाजत राहिली, कमी ऐकू आलं, तर तेल न घालता सरकारी दवाखान्यात कान दाखवा. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याला नीट ऐकू येतं का, ते पाहा.

जय भीम!