छप्पर कुणाचं, जागा कुणाची

रेयाल माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमला सरकतं छप्पर बसलं आणि आमच्या बऱ्हाणपुरात पोरांचे दोन तट पडले. माद्रिदवाले सांगतात, पाऊस आला की छप्पर मिटतं आणि मैदानावरची हिरवळसुद्धा पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीखालच्या तळघरात उतरते. बार्सिलोनावाल्यांचं उत्तर तयार असतं: त्या छपराखाली गाण्याचे जलसे भरवलेत, शेजारपाजारचे आवाजाने वैतागले आणि २०२४च्या सप्टेंबरात जलसे थांबवायची पाळी आली, ते सांगा की! मग माद्रिदवाले उलटतात: निदान आम्ही घरात तरी खेळत होतो, तुम्ही स्वतःचं मैदान उकरून मॉन्टजुइकच्या टेकडीवर बिऱ्हाड केलं होतंत. पॉवरलूमची पाळी संपवून आलेली ही पोरं स्पेनच्या वास्तुशास्त्रावर तासभर भांडतात आणि मी मन लावून ऐकतो. एका संघाच्या माणसांनी दुसऱ्या संघाच्या नव्या स्टेडियमवर काढलेलं तोंडसुख हा माझा जुना शौक आहे.

सरकत्या छपरांचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण तो बराचसा बिलांचा आणि दुरुस्त्यांचा इतिहास आहे. मॉन्ट्रियलचं स्टेडियम १९७६च्या ऑलिंपिकसाठी बांधलं. त्याचं कापडी छप्पर बसायला १९८७ उजाडलं, ते वारंवार फाटलं आणि स्टेडियमचं कर्ज फिटलं २००६ साली. ॲमस्टरडॅमचं नवं स्टेडियम १९९६मध्ये उघडलं, तर उंच भिंती आणि छपराच्या सावलीत गवत धरेना. मेलबर्नला ऑगस्ट २०००मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका बंद छपराखाली एकदिवसीय सामना खेळले आणि क्रिकेट पहिल्यांदा घरात आलं. आपल्याकडे असं छप्पर अजून नाही, त्याचं मला दुःखही नाही. मुंबईत पाऊस पडतो जून ते सप्टेंबर आणि क्रिकेटचा हंगाम त्यानंतर सुरू होतो. पण नव्या स्टेडियमवरून झालेलं भांडण मात्र आपल्याकडे अव्वल दर्जाचं आहे. त्यात छपराबद्दल कुणी फारसं बोललं नाही. सगळं रामायण जागांवरून झालं.

जागेच्या भांडणाचा मला सापडलेला सर्वांत जुना आणि सर्वांत चटकदार दाखला आमच्याच गावचा आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी अजमेरला निघाला होता. वाटेत नोव्हेंबर १६१५मध्ये तो बऱ्हाणपूरला उतरला. इथे शहजादा परवेझचा दरबार होता. रोने रोजनिशीत त्या दरबाराचं जे वर्णन केलं आहे, ते मी प्रेक्षागृहाचा नकाशा म्हणून वाचतो. शहजादा उंच सज्जात बसलेला, वर चांदवा. खाली कठड्याने वेगळी केलेली जागा, तिच्यावरही भरजरी छत, पायाखाली गालिचे. त्या कठड्याच्या आत गावातले बडे लोक हात जोडून उभे. बाहेर बाकीचे.

रोला आधी सांगितलं, जमिनीला डोकं टेकव. तो म्हणाला, मी नोकर नाही. कठड्याच्या आत त्याला कुणी जागा नेमून दिली नव्हती, म्हणून तो सरळ शहजाद्याच्या समोर जाऊन उभा राहिला. मग त्याने पायऱ्या चढून वर येण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं की इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी ते जमणार नाही. मग त्याने खुर्ची मागितली. इथे कुणी कधी बसलेलं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. शेवटी तडजोड निघाली: चांदवा तोलणारा एक खांब होता, वरच्या अंगाला चांदीने मढवलेला, त्याला टेकून उभं राहायची मुभा मिळाली. एकांतात पुन्हा भेटायचं ठरलं होतं, पण रोने भेट दिलेल्या मद्याच्या बाटल्या शहजाद्याने आधीच उघडल्या आणि ती भेट राहूनच गेली. छताच्या भरजरीपणाला रोने रोजनिशीत दोन शब्द दिले आणि जागेच्या तंट्याला सगळा उतारा. प्रेक्षक म्हणून त्याची पारख अचूक होती असं मी मानतो.

आता मुंबई. १९३३च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली आणि लाला अमरनाथने ११८ धावा केल्या. त्या जिमखान्याचं सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नव्हतं. साहेबांच्या अंगणात पाहुणे म्हणून खेळायचं नसेल तर स्वतःचं मैदान हवं, हे ज्याने मनावर घेतलं तो माणूस म्हणजे अँथनी डिमेलो. मूळचा कराचीचा, क्रिकेट बोर्डाचा पहिला सचिव. आज त्याचं नाव फारसं कुणाला आठवत नाही. आठवलंच तर १९४९मध्ये अमरनाथवर २३ आरोप ठेवून त्याला निलंबित करणारा बोर्डाचा अध्यक्ष म्हणून आठवतं. १९५१च्या दिल्लीच्या पहिल्या एशियाई खेळांमागेही हाच माणूस होता. त्याच वर्षी बोर्डातली त्याची खुर्ची गेली. हट्टी, हिशेबी आणि गोड बोलणारा. माझ्या मते भारतीय क्रिकेटला असा दुसरा दलाल मिळाला नाही, आणि दलाल हा शब्द मी इथे कौतुकाने वापरतो.

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय, १९३३मध्ये स्थापन झाला. बॅकबेला समुद्र हटवून जमीन निघत होती. डिमेलोने गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांना सुचवलं की सरकारी तिजोरीत पैसे हवेत की स्वतःचं नाव अमर व्हायला हवं, ते ठरवा. गव्हर्नरसाहेबांनी नाव निवडलं. ९०,००० चौरस यार्ड जमीन, यार्डाला साडेतेरा रुपये दराने. हिशेब होतो १२ लाख १५ हजारांचा. २२ मे १९३६ला कोनशिला बसली, ७ डिसेंबर १९३७ला स्टेडियम उघडलं. तोपर्यंत ब्रेबर्न यांची बंगालला बदली झाली होती. फेब्रुवारी १९३९मध्ये ते कलकत्त्यालाच वारले. अमरत्वाचा सौदा एवढ्या लवकर उपयोगी पडेल असं दोघांनाही वाटलं नसावं.

आणि पहिल्याच हंगामात जागांवरून भांडण झालं. चौरंगी स्पर्धेत ‘इतर’ हा पाचवा संघ येऊन ती पंचरंगी झाली, ते हे वर्ष. नव्या कोऱ्या ब्रेबर्नवर हिंदू जिमखान्याने आपल्या वाट्याला जास्त जागा मागितल्या, सीसीआयने नकार दिला आणि हिंदूंचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही. करंडक मुस्लिमांनी नेला. पंचरंगीबद्दल लिहिताना आपण जातीय तेढ, गांधीजींचा विरोध या मोठ्या गोष्टींकडे धावतो. ते बरोबरच आहे. पण पहिला बहिष्कार जागांच्या वाटपासाठी होता, हे मला विसरता येत नाही.

इथे माझा पक्षपात सांगून टाकतो. बऱ्हाणपूर कधी होळकरांच्या राज्यात नव्हतं, पण क्रिकेटमध्ये आम्ही होळकरांचे. मार्च १९४५चा रणजी अंतिम सामना ब्रेबर्नवर झाला: मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. विजय मर्चंटने २७८ धावा कुटल्या. आमच्या बाजूने मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतक केलं आणि डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला, तरी आम्ही ३७४ धावांनी हरलो. त्यामुळे ब्रेबर्न आणि मर्चंट ही दोन्ही नावं ऐकली की आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडायची. पुढे त्या दोघांच्या विरोधात उभा राहिलेला माणूस आमच्या जुन्या राजधानीचा निघाला. १९५६पर्यंत बऱ्हाणपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मग विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरचे बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे मात्र मुंबईत पोचले. १९७२मध्ये ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची सूत्रंही त्यांच्याच हाती होती.

त्या असोसिएशनची अवस्था विचित्र होती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला, पण संघाला स्वतःचं घर नव्हतं. कसोटी भरायची सीसीआयच्या मैदानावर, आणि आपल्या क्लबांसाठी किती तिकिटं मिळतील हे दर वेळी सीसीआयला विचारायचं. सीसीआयची बाजूही पोकळ नव्हती. मैदान क्लबचं, वर्षभराची निगा क्लबची, सभासदांनी पैसे भरले ते जागेच्या हक्कासाठी. कसोटीच्या पाच दिवसांपुरतं घर दुसऱ्याच्या ताब्यात का द्यायचं? भाडेकरू आणि घरमालकाच्या तंट्यात दोघेही खरंच बोलत असतात, तसलं हे प्रकरण होतं.

ठिणगी कशी पडली, त्याची गोष्ट मुंबईत अशी सांगतात. काही तरुण आमदारांना मदतनिधीसाठी क्रिकेटचा सामना भरवायचा होता. ते वानखेड्यांकडे आले, वानखेडे त्यांना घेऊन सीसीआयच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष होते विजय मर्चंट. मर्चंट यांनी नकार दिला. वानखेडे म्हणाले, मग आम्ही आमचं स्टेडियम बांधू. या संवादाच्या तिखटमीठ लावलेल्या आवृत्त्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच गुजराती शेठ विरुद्ध मराठी माणूस या अंगाने जातात. मी त्या बाजूला ठेवतो. ज्या मर्चंट यांनी १९७१मध्ये निवड समितीचे अध्यक्ष म्हणून आपलं निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकरांना देऊन त्यांना कर्णधार केलं, त्यांना मराठीद्वेष्टे ठरवणं पोरकटपणाचं आहे. तंटा भाषेचा असता तर मराठी सभासद घेऊन मिटला असता. तो मालकीचा होता, म्हणून चिघळला.

मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी जमीन दिली: चर्चगेटजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून, ब्रेबर्नपासून चालत दहा-बारा मिनिटांवर. आराखडा तरुण वास्तुविशारद शशी प्रभूंचा. रूळ आणि इमारतींच्या बेचक्यात सापडलेल्या जमिनीवर स्टेडियम बसवायचं म्हणजे उंचच जावं लागणार होतं. ब्रेबर्नच्या माणसांना हा शेजार मानवणं शक्य नव्हतं. त्यांच्या पॅव्हेलियनला हिरवळ, ऐसपैस सज्जे, खेळाडूंना मैदानाकडे तोंड करून असलेल्या खोल्या. समोर हे काँक्रीटचे उभे जिने. असोसिएशनची माणसं म्हणायची, जिने उभे आहेत, पण बसणारा माणूस आपला आहे.

साधारण वर्षभरात काम उरकून २३ जानेवारी १९७५ला वानखेडेवर पहिली कसोटी सुरू झाली. वेस्ट इंडिजविरुद्ध मालिका २-२, म्हणून सहा दिवसांची. वानखेडे हयात असताना, पदावर असताना स्टेडियमला त्यांचं नाव लागलं, ते मला आजही खटकतं; डिमेलोने निदान नाव विकून जमीन तरी मिळवली होती. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा अभिनंदनाला एक प्रेक्षक मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बदडलं, स्टँड खवळले आणि चहापानानंतरचा खेळ वाया गेला. आपल्या माणसांसाठी बांधलेल्या स्टेडियमवर पहिल्याच सामन्यात आपल्या माणसाला लाठी बसली. सामना आपण २०१ धावांनी हरलो आणि पतौडींची कारकीर्द तिथे संपली.

पण मला त्या धावफलकातलं एक नाव जास्त मोलाचं वाटतं. एकनाथ सोलकर, १०२. कसोटीतलं त्याचं एकमेव शतक. त्याचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते. तोच जिमखाना, ज्याने १९३७मध्ये जागांसाठी बहिष्कार घातला होता. जागांच्या वाटणीत माळ्याच्या मुलाचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. सोलकरने आपली जागा खेळपट्टीवर मिळवली.

पुढची वर्षं भराभर जातात. १९७३च्या इंग्लंडच्या कसोटीनंतर ब्रेबर्नवर छत्तीस वर्षं कसोटी झाली नाही. झाली ती २००९च्या डिसेंबरात, वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती म्हणून. श्रीलंकेविरुद्ध सेहवागने २९३ केल्या आणि भारत कसोटी क्रमवारीत पहिला आला. गरज पडली तेव्हा जुन्या घरमालकाने दार उघडलं, याची नोंद घ्यायला हवी. वानखेडेला या वेळी छप्पर मिळालं, तेही शशी प्रभूंच्याच हातून: खांबांचा अडथळा नसलेलं, बाहेरून तोललेलं, कापडी. ते सरकत नाही, खेळपट्टी उघडीच राहते. प्रेक्षकांच्या डोक्यावर मात्र सावली आली.

आणि २ एप्रिल २०११. विश्वचषकाचा अंतिम सामना, नवं छप्पर, सुमारे ३३,००० जागा. त्यांतल्या सर्वसामान्यांना विकायला निघाल्या फक्त ४,०००. बाकीच्या असोसिएशनच्या क्लबांना, आयसीसीला, पाहुण्यांना. ज्या संघटनेने जागा कमी मिळतात म्हणून दुसरं स्टेडियम उभारलं, तिने छत्तीस वर्षांनी लोकांसाठी आठातली एक जागासुद्धा पुरी ठेवली नाही. हे वाचून मला मर्चंट यांची थोडी दया आली. वानखेडे आपल्या क्लबांसाठी भांडले आणि क्लबांना मिळालं. लोकांसाठी भांडायला त्या भेटीत कुणी गेलंच नव्हतं.

माझं म्हणणं त्यामुळे अगदी कोरडं आहे. ब्रेबर्नची जमीन सरकारने स्वस्तात विकली, वानखेडेची भाडेपट्ट्याने दिली. दोन्ही ठिकाणी जनतेची जमीन गेली, आणि दोन्हीकडे कठड्याच्या आत कोण ते आतल्यांनीच ठरवलं. उद्या कुठल्याही शहरात नवं स्टेडियम निघालं तर जमीन देताना करारातच लिहून घ्यावं की दर सामन्याला इतके टक्के जागा खिडकीवर विकल्या जातील, आणि तो आकडा फाटकावर रंगवावा. आमच्या माद्रिदवाल्या आणि बार्सिलोनावाल्या पोरांनीही एकमेकांना हाच आकडा विचारावा. छप्पर सरकतं की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.